कुंपणाचे कान

मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला चोरी म्हटले की दागदागिन्यांच्या आधी मोटारीची केबल आठवते. रात्री विहिरीवर जायचे, स्टार्टरपासून मोटारीपर्यंतची केबल कापायची, वरचे आवरण जाळायचे आणि आतले तांबे भंगारात विकायचे. चोराच्या हाती थोडे पैसे लागतात. शेतकऱ्याच्या उभ्या पिकाचे पाणी मात्र ऐन वेळी तुटते. आता शेतात विहिरींच्या जोडीला सौर पॅनेलची मैदाने उभी राहू लागली आहेत. ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०’ २०२३ मध्ये आली. तिच्यात वीज उपकेंद्राजवळची जमीन हेक्टरी सव्वा लाख रुपये वर्षाच्या भाड्याने घेतली जाते आणि तिथल्या विजेवर शेतीचे पंप दिवसा चालावेत अशी कल्पना आहे. एका मेगावॉटला साधारण चार-पाच एकर जागा लागते. म्हणजे पाच मेगावॉटचा प्रकल्प पंचवीस एकरांवर पसरतो, गावापासून दूर असतो, रात्री तिथे एक-दोन राखणदार असतात आणि आत किलोमीटरच्या किलोमीटर तांबे पसरलेले असते.

अशा जागेची राखण कशी करायची? वॉचमनने रात्रभर फेऱ्या मारल्या तरी तो एका वेळी एकाच बाजूला असतो. नुसता कॅमेरा लावला, तर चोवीस पडद्यांकडे पहाटे तीन वाजता डोळे उघडे ठेवून पाहणारा माणूस मिळत नाही. म्हणून तिसरा उपाय पुढे आला. जाळीच्या कुंपणावरच एक संवेदनशील केबल बांधायची. जाळीला धक्का लागला, ती कापली किंवा तिच्यावर कुणी चढले की केबलला ते कळते, आणि कोणत्या भागात काय झाले ते चौकीत दिसते. विमानतळ, तेलाचे डेपो, लष्करी तळ यांच्या कुंपणांवर अशा यंत्रणा असतात. यंत्रणा विकत मिळते, पण केबल कुठून कशी न्यायची हे विकत मिळत नाही. ते प्रत्येक जागेसाठी नव्याने ठरवावे लागते आणि बहुतेक यंत्रणा तिथेच फसतात.

आधी केबलला ‘ऐकू’ कसे येते ते पाहू. एक प्रकार तांब्याच्या समाक्ष केबलचा. आतली तार आणि तिच्याभोवतीचे आवरण यांची किंचित हालचाल झाली, की घर्षणातून अतिशय क्षीण विद्युतभार तयार होतो. साध्या केबलमध्ये हा दोष मानतात आणि तो टाळण्यासाठी धडपडतात. इथे तोच मुद्दाम वाढवलेला असतो, त्यामुळे सारी केबल मायक्रोफोनसारखी वागते. दुसरा प्रकार ऑप्टिकल फायबरचा. काचेच्या तंतूतून लेसरचे स्पंद सोडले जातात. तंतू जिथे थरथरतो तिथून परत येणाऱ्या प्रकाशात सूक्ष्म फरक पडतो. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे एक मीटर जाऊन परत यायला त्याला दहा नॅनोसेकंद लागतात. परतीचा वेळ मोजला की थरथर किती मीटरवर झाली ते निघते. ईशान्य सीमा रेल्वेवर ‘गजराज’ नावाची यंत्रणा याच तत्त्वावर रुळांजवळ आलेल्या हत्तींची पावले ओळखते.

कापणे, चढणे आणि वारा यांच्या खुणा वेगवेगळ्या असतात. कटरने तार तोडली की एक तीक्ष्ण, क्षणिक ठोका उमटतो आणि थोड्या थोड्या वेळाने तसे आणखी ठोके येतात. माणूस चढला तर जाळी काही सेकंद सलग हिंदकळते. वारा मात्र एका जागी येत नाही, तो कुंपणाच्या सगळ्या बाजूंवर जवळपास एकाच वेळी उमटतो. प्रक्रिया करणारे यंत्र याच फरकांवर निर्णय घेते. अमुक वेळात अमुक इतके ठोके एकाच भागातून आले तर इशारा द्यायचा, सगळीकडून एकदम आवाज आला तर थोडे थांबायचे.

पण हे सगळे ज्या जाळीवर घडते, ती जाळीच ढिली असेल तर? केबल फक्त ऐकते, आवाज पोचवण्याचे काम कुंपणाचे असते. ताणलेली चेन-लिंक जाळी एका टोकाचा धक्का काही मीटरपर्यंत नेते. सैल जाळी तो जागीच गिळते, आणि वाऱ्याने खांबावर आपटून स्वतःच खोटे ठोके तयार करते. त्यामुळे केबलच्या नियोजनाची पहिली पायरी म्हणजे खांबांची तपासणी. इलेक्ट्रॉनिक्सची माणसे ही पायरी उरकतात आणि कुंपणाचा ठेकेदार तर तोवर बिल घेऊन गेलेला असतो. माझ्या मते दोघांचे काम एकाच माणसाच्या देखरेखीखाली हवे, कारण यंत्रणा नापास झाली की दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात.

धाराशिव जिल्ह्यातल्या ढोकीला हा प्रश्न जास्तच टोकदार होतो, कारण तिथली, तेरणा नदीच्या खोऱ्यातली जमीन काळी आहे. काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट जातीची चिकणमाती भरपूर असते. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कपाशीला आणि तुरीला ओल धरून ठेवणारा हा गुण खांबाला मात्र घातक ठरतो. उथळ खड्ड्यात थोडे काँक्रीट ओतून उभा केलेला अँगल दोन-तीन पावसाळ्यांत कलतो. एक खांब आत, पुढचा बाहेर, मधली जाळी एकीकडे तंग आणि दुसरीकडे लोंबती. तिच्यावर कितीही महाग केबल बांधली तरी वर्षभरापूर्वी बसवलेली संवेदनशीलता आज लागू पडत नाही. उपाय जुना आणि साधा आहे: खड्डा फुगणाऱ्या थराखाली न्यायचा, काँक्रीटच्या भोवती काळ्या मातीऐवजी मुरूम ठासायचा, कोपऱ्यांच्या आणि ताणाच्या खांबांना तिरके आधार द्यायचे. भारी इमारतींसाठी अशा जमिनीत तळाशी फुगीर कंद असलेले पाइल घालतात. कुंपणाला तेवढे लागत नाही, पण तत्त्व तेच आहे.

हीच माती जमिनीखालच्या केबललाही छळते. साधारण पाऊण मीटर खोल चरात, वाळूच्या गादीवर, पाइपातून केबल टाकतात आणि वर विटा व इशाऱ्याची पट्टी ठेवतात. काळ्या मातीत उन्हाळी भेग पडली की पाइप ओढला जातो. त्याचा सांधा घट्ट नसेल तर तो निसटतो, पहिल्या पावसात पाणी आत जाते, पुढे घूस जाते. म्हणून पाइपातली केबल ताणून ठेवायची नाही, तिला थोडी ढील द्यायची. प्रत्येक वळणावर ओढ-खड्डा ठेवायचा आणि पाइपाची तोंडे बंद करायची. फायबर घेतलीत तर धातूच्या चिलखताऐवजी काचतंतूचे चिलखत असलेली घ्यावी. तिला घूस सहज कुरतडत नाही आणि विजेच्या कडकडाटात ती धक्का वाहून आणत नाही.

आता उदाहरणादाखल एक जागा घेऊ: ४०० मीटर लांब, २५० मीटर रुंद, म्हणजे दहा हेक्टर, पंचवीस एकरांना अगदी थोडी कमी. पाच मेगावॉटला पुरेल इतकी. तिचा घेर १,३०० मीटर. कागदावर पेन्सिलीने ही रेघ काढायला अर्धे मिनिट लागते. प्रत्यक्षात मात्र ती पायी चालावी लागते, आणि एकदा दिवसा, एकदा रात्री चालावी हे उत्तम. उत्तरेला शेजाऱ्याचा ऊस कुंपणाला लागून असेल. एका बाजूने ओढा आत शिरत असेल. कुठे झाडाची फांदी जाळीच्या वर आलेली असेल, आणि तिच्यावरून माणूस जाळीला हात न लावता आत उतरू शकेल. कुठे बाहेरचा बांध एवढा उंच असेल, की कुंपणाची खरी उंची कागदावरच्या निम्मी भरेल. ही यादी हातात आल्याशिवाय केबलचा एक मीटरही मागवू नये.

मग भाग पाडायचे. ४०० मीटरच्या बाजूला शंभर-शंभर मीटरचे चार, २५० मीटरच्या बाजूला ऐंशी-पंच्याऐंशी मीटरचे तीन, असे एकूण चौदा. भाग कोपऱ्यावर तोडायचा, कोपरा भागाच्या मधे येऊ द्यायचा नाही. कारण इशारा आल्यावर एका कॅमेऱ्याला तो अख्खा भाग सरळ रेषेत दिसला पाहिजे. साध्या तांब्याच्या केबलमध्ये प्रत्येक भाग हा केबलचा स्वतंत्र तुकडाच असतो, त्यामुळे चूक झाली तर पुन्हा खांबावर चढावे लागते. अंतर मोजणारी फायबर किंवा तशीच केबल असेल तर भाग संगणकात ठरतात आणि नंतरही बदलता येतात. जागा पुढे वाढणार असेल तर हा दुसरा मार्ग महाग पडला तरी घ्यावा असे मला वाटते.

केबल बांधायची ती कुंपणाच्या आतल्या बाजूने. दोन-अडीच मीटर उंचीच्या जाळीला निम्म्या उंचीवर एक ओळ पुरते. जाळी त्याहून उंच असेल तर दोन ओळी घ्याव्यात. वर वाय आकाराच्या अँगलवर काटेरी तार असेल तर तिच्यासाठी वेगळी फेरी हवी, कारण शिडी लावून वरून उडी मारणारा जाळीला फारसा स्पर्शच करत नाही. दर २५-३० सेंटीमीटरला एक टाय. आणि हे टाय काळे, उन्हात न फुटणारे किंवा स्टीलचे असावेत. पांढरे स्वस्त टाय मराठवाड्याच्या उन्हात लवकर ठिसूळ होतात, मग केबल लोंबते आणि वाऱ्यात जाळीवर आपटत राहते. सारा खर्च पाहता टायची किंमत नगण्य, पण खरेदीत काटकसर सुरू होते ती इथूनच.

खांबापाशी जरा थांबायला हवे. मधली जाळी लवचिक असते, खांब ताठ. ताणाच्या आणि कोपऱ्याच्या खांबाजवळ थरथर मरते, आणि चढणाराही नेमका तिथेच पाय देतो, कारण तिथे आधार मिळतो. म्हणून अशा प्रत्येक खांबाजवळ केबलचा एक वळसा वर-खाली घेतात. तिथे जास्त केबल, म्हणून जास्त कान. शिवाय दर शंभर मीटरला दुरुस्तीसाठी तीन-चार मीटरचे वेटोळे राखून ठेवावे. उद्या केबल तुटली तर जोड देता यायला हवा. हे सगळे धरून १,३०० मीटरच्या कुंपणाला सुमारे १,४५० मीटर केबल लागते. जो घेराएवढीच केबल मागवतो, तो शेवटच्या कोपऱ्यावर वळसे वाचवू लागतो.

गेट ही सगळ्यात अवघड जागा. फाटक स्वतःच हलते, कडी वाजते, वाऱ्यात करकरते. त्याला जाळीसारखे धरले तर रोज खोटे इशारे येतील. त्याला वेगळा सेन्सर द्यायचा, आणि गेटच्या एका बाजूकडून दुसरीकडे केबल जमिनीखालून न्यायची. पण तिथली केबल ‘बहिरी’ हवी, म्हणजे न ऐकणारी जोडकेबल, नाहीतर वरून जाणारा प्रत्येक ट्रॅक्टर इशारा देईल. सौर प्रकल्पाच्या गेटमधून अधूनमधून एखादी गाडी जाईल. पण ढोकीच्या तेरणा साखर कारखान्यासारख्या आवाराचा विचार केला, तर हंगामात उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्या रात्रंदिवस गव्हाणीकडे जात असतात. तिथे नुसता प्लास्टिकचा पाइप चेपतो. काँक्रीटचा ह्यूम पाइप मीटरभर खोल टाकावा आणि उद्याच्या केबलसाठी आणखी एक रिकामा पाइप आजच शेजारी पुरून ठेवावा. रस्ता पुन्हा फोडण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

ओढ्याचेही तसेच. जाळीवरची केबल जाळीखालून सरपटणाऱ्याला ऐकत नाही. ओढा जिथे कुंपण ओलांडतो तिथे नळीला लोखंडी गज हवेत आणि त्या गजांवर केबलचा एक फाटा हवा. गजांमध्ये पावसाळ्यात काडीकचरा अडकतो, तो काढायची जबाबदारी कुणाच्या तरी नावावर लिहून ठेवावी लागते. जिथे कुंपणच उभे करता येत नाही तिथे काय करतात, याचा मोठा नमुना आसामच्या धुबरीत आहे. ब्रह्मपुत्रेच्या पात्रात, बांगलादेशाच्या सीमेवर, ६१ किलोमीटरच्या पट्ट्यात ५ मार्च २०१९ रोजी कॅमेरे, सेन्सर आणि संदेशवहन जोडणारा प्रकल्प सुरू झाला. त्याआधी १७ सप्टेंबर २०१८ रोजी जम्मूत साडेपाच-साडेपाच किलोमीटरच्या दोन पट्ट्यांवर तसाच प्रयोग झाला होता. एका रेषेवर न थांबण्याचा जुना नमुना जवळच आहे: धाराशिव जिल्ह्यातलाच परंड्याचा किल्ला भुईकोट आहे. डोंगराचा आधार नसल्यामुळे त्याला दुहेरी तट आणि खंदक दिला गेला. सपाट जमिनीवर राखण करणाऱ्याला एका रेषेवर भागत नाही, हे तिथे दगडातच दिसते.

आता विजेचा हिशेब. कुंपणावरच्या पेट्यांना वीज लागते आणि ती चौकीतून न्यायची असते. चौकी गेटपाशी धरली तर सर्वांत दूरची पेटी घेराच्या अर्ध्यावर, म्हणजे ६५० मीटरवर. जायची आणि परतायची तार मिळून १,३०० मीटर. अडीच चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे ७.४ ओहम, म्हणजे इथे साधारण साडेनऊ ओहम. पेटीला सहा वॉट लागतात असे धरू. १२ व्होल्टवर अर्धा अँपिअर प्रवाह आला तर वाटेतच पावणेपाच व्होल्ट खर्च होतात, उरलेल्या सव्वासातवर पेटी नीट चालणार नाही. तेच ४८ व्होल्टने पाठवले तर प्रवाह एक-अष्टमांश अँपिअर आणि तूट फक्त सव्वा व्होल्ट. डीपीपासून लांब असलेली मोटार लो व्होल्टेजने का उचलत नाही हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हा हिशेब वेगळा शिकवावा लागत नाही. कॅमेऱ्यांच्या तांब्याच्या नेटवर्क केबलला तर शंभर मीटरचीच मर्यादा आहे. त्यामुळे माहिती न्यायला फायबर आणि वीज न्यायला ४८ व्होल्ट, अशी जोडी बसते. फायबर चौकीतून निघून दोन्ही बाजूंनी फिरून परत चौकीतच यावी, म्हणजे वर्तुळ पूर्ण व्हावे. चोराने एके ठिकाणी ती कापली तरी प्रत्येक पेटी दुसऱ्या बाजूने बोलत राहते.

सौर प्रकल्पात आणखी एक अडचण आहे. तांब्याच्या संवेदन-केबलमधला संकेत फार क्षीण, आणि शेजारी इन्व्हर्टर उच्च वारंवारतेने खटाखट स्विच होत असतात, ५० हर्ट्झची वीज वाहत असते. संवेदन-केबल पॉवर केबलच्या चरात टाकली तर दिवसभर यंत्र गोंगाटच ऐकेल. दोन्हींचे चर वेगळे हवेत, ओलांडायचेच असेल तर काटकोनात ओलांडावे. केबलचे कवच एकाच टोकाला अर्थ करायचे. दोन्हीकडे केले तर दोन अर्थिंगमधल्या फरकाने त्यातून प्रवाह फिरू लागतो. आणि मराठवाड्यात एप्रिल-मेच्या वळवाच्या पावसात वीज पडते, तेव्हाच काळी माती कोरडी ठणठणीत असते आणि अर्थिंगचा रोध वाढलेला असतो. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यातही ओल राहील अशी सोय हवी आणि प्रत्येक पेटीच्या तोंडाशी सर्ज संरक्षण हवे. शेजारच्या शेतात रानडुकरांसाठी झटका मशीन असेल तर तेही पाहावे. त्याचा दर सेकंदाला जाणारा उच्च दाबाचा स्पंद केबलला ऐकू येतो, म्हणून त्याची तार समांतर आणि लगत असू नये. कुंपणात थेट लाइनची वीज सोडणे हा तर गुन्हाच, त्याने माणसे मरतात. राखणीच्या नावाखाली त्याचे समर्थन कुणी करू नये.

खोटे इशारे हा या यंत्रणेचा खरा रोग. उसाची पाने जाळीला घासतात, वेली चढतात, शेळ्या अंग घासतात, माकडे उड्या मारतात, कुणीतरी जाहिरातीचा फलक तारेने बांधतो. ढोकीतून कुर्डुवाडी–लातूर लोहमार्ग जातो. रुळाजवळच्या बाजूला गाडी गेली की जमीन थरथरते. ती थरथर काही वेळ चढत जाऊन ओसरते, म्हणून ती शिकवून वगळता येते. पाने-वेलींना मात्र शिकवून उपयोग नाही, त्यांना कापावेच लागते. दोन्ही बाजूंना किमान मीटरभर पट्टा साफ ठेवायचा. शेजाऱ्याशी बांधावरून बोलून हे आधीच ठरवावे, कारण ऊस वाढल्यावर बोलणी वाढतात. एका रात्रीत दहा वेळा खोटी घंटा वाजली, की अकराव्या वेळी राखणदार उठत नाही. यात दोष त्याचा नसतो. संवेदनशीलता कमी करणे हा सोपा पण चुकीचा मार्ग, कारण मग चोरही ऐकू येत नाही.

शेवटचा हिशेब मिनिटांचा. जाळी कापून आत शिरायला सराईत माणसाला अर्धे-पाऊण मिनिट लागते. चौकीतून ६५० मीटरवरच्या कोपऱ्यात कुंपणाकडेने चालत जायला सात-आठ मिनिटे, सायकलने सुमारे तीन. तेवढ्यात किती केबल तुटेल, याचे उत्तर मालकाने आधी द्यावे आणि मग भागांची लांबी, कॅमेऱ्यांच्या जागा, आतला रस्ता आणि चौकीची जागा ठरवावी. पंचवीस एकरांना एकच चौकी गेटवर ठेवण्याची पद्धत सोयीची आहे, राखणीची नाही. चौकी लांब बाजूच्या मध्यावर सरकवली आणि आतून दोन्हीकडे रस्ते काढले तर चोरापर्यंतचे अंतर जवळपास निम्मे होते. चौकी अजून कागदावर असेल तोवर ती हलवायला काहीच लागत नाही, ओटा बांधून झाल्यावर कुणी हलवत नाही.

काम झाल्यावर ठेकेदाराकडून दोन गोष्टी घेतल्याशिवाय अंतिम बिल देऊ नये. पहिली, प्रत्यक्ष जशी केबल गेली तसा नकाशा: प्रत्येक वळसा, जोड, ओढ-खड्डा आणि रिकामा पाइप मीटरसह दाखवलेला. दुसरी, चाचणीची नोंद: प्रत्येक भागात स्क्रूड्रायव्हरने ठराविक ठोके मारून, एकदा जाळी चढून, एकदा जाळीचा तुकडा बांधून तो कापून. ही चाचणी पुढे वर्षातून दोनदा करावी लागते. काळ्या जमिनीत तिच्या वेळा ठरलेल्याच आहेत: मेअखेर, भेगा सर्वांत रुंद असताना, आणि ऑक्टोबरमध्ये, माती फुगून बसल्यावर. खांब सरळ करायचे, जाळी पुन्हा ताणायची, तुटलेले टाय बदलायचे आणि मगच यंत्राची संवेदनशीलता नव्याने लावायची.